कातळाखालची ऊब : भूपट्ट, ज्वालामुखी आणि तानसा खोऱ्यातील गरम पाणी

पृथ्वीच्या पोटातली उष्णता दोन वाटांनी आलेली आहे. साडेचार अब्ज वर्षांपूर्वी ग्रह घडत असताना जी उष्णता आत कोंडली गेली तिचा काही भाग अजून शिल्लक आहे, आणि खडकांतील युरेनियम, थोरियम व पोटॅशियम यांच्या किरणोत्सर्गी क्षयातून नवी उष्णता सतत तयार होत असते. दोन्ही मिळून पृष्ठभागातून जी उष्णता बाहेर पडते ती चौरस मीटरमागे सरासरी एक दशांश वॉटही भरत नाही. खाली जाऊ तसतसे तापमान वाढते, पण हळूहळू. सर्वसाधारण भूकवचात किलोमीटरमागे २५ ते ३० अंश सेल्सिअस. या हिशोबाने कोकणात पाणी उकळण्याइतके तापमान गाठायला अडीच ते तीन किलोमीटर खोल जावे लागेल. म्हणजे उष्णता सगळीकडे आहे, पण बहुतेक ठिकाणी ती हाताच्या अंतरावर नाही. ती जवळ आणून देण्याचे काम भूपट्ट आणि ज्वालामुखी करतात.

भूकवच आणि त्याखालच्या प्रावरणाचा वरचा कठीण थर मिळून जे कवच होते ते अखंड नाही. त्याचे लहानमोठे तुकडे, म्हणजे भूपट्ट, वर्षाला काही सेंटिमीटर या गतीने सरकत असतात. जगातील बहुतेक भूकंप, ज्वालामुखी आणि वाफेची मोठी क्षेत्रे या तुकड्यांच्या कडांवर आहेत. कडा एकमेकींपासून दूर जातात तिथे खालचे प्रावरण वर चढते, वरचा दाब कमी होतो आणि दाब उतरल्यामुळेच खडक वितळू लागतो. आइसलँड असे आहे. तिथे उत्तर अमेरिकी आणि युरेशियन भूपट्टांमधली फट जमिनीवर चालत जाऊन पाहता येते. पूर्व आफ्रिकेची खचदरी हीसुद्धा फाटत चाललेल्या खंडाची जखम आहे, आणि केनियाने तिच्यातच ओल्कारियाची विहिरी-विहिरींची वसाहत उभी केली. १९८१ मध्ये तिथे पहिले संच सुरू झाले. आज केनियाच्या विजेतला सर्वांत मोठा वाटा जमिनीखालच्या वाफेचा आहे.

कडा एकमेकींवर आदळतात तिथे गोष्ट वेगळी घडते. जड सागरी भूपट्ट दुसऱ्याच्या खाली शिरतो आणि आपल्यासोबत समुद्राचे पाणी खडकांत बांधून नेतो. शंभरेक किलोमीटर खोलीवर हे पाणी सुटते, वरच्या प्रावरणात मिसळते आणि त्याचा वितळणबिंदू खाली आणते. तयार झालेला शिलारस वर सरकून भूकवचात पाच-दहा किलोमीटरवर साठतो. इंडोनेशिया, फिलिपिन्स, जपान, न्यूझीलंड, मेक्सिको यांची भूऔष्णिक क्षेत्रे या घडणीची आहेत. भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी, अंदमानातले बॅरन बेट, हाही याच साखळीचा मणी. तिथे भारतीय भूपट्ट पूर्वेकडे खाली जातो. बेट निर्जन आहे, म्हणून त्या उष्णतेचा उपयोग करण्याची वेळ आलेली नाही.

तिसरा प्रकार तप्तबिंदूंचा. भूपट्टाच्या कडेपासून दूर, प्रावरणातून उष्ण द्रव्याचा झोत वर येतो आणि त्याच्यावरून सरकणाऱ्या भूपट्टावर ज्वालामुखींची रांग उठवत जातो. हवाई बेटे हे ठळक उदाहरण. हिमालयासारख्या खंड-खंड टकरीत ज्वालामुखी नसतात, पण भूकवच दुप्पट जाड होते, त्याचा खालचा भाग वितळतो आणि खोल विभंगांतून गरम पाणी वर येते. लडाखमधील पुगा खोरे त्यामुळेच तापलेले आहे.

शिलारस जवळ असला म्हणजे ऊर्जा मिळालीच असे मात्र नाही. त्या उष्णतेला वाहून आणणारे पाणी हवे, पाणी फिरायला खडकात भेगा हव्यात, आणि वर एखादा घट्ट थर हवा, नाहीतर सारी उष्णता झऱ्यांवाटे वाया जाते. उष्णता धरून या चारही गोष्टी एकत्र येतात त्याला भूऔष्णिक संचय म्हणतात. इटलीतील लार्देरेल्लो येथे त्या इतक्या नेटक्या जुळल्या आहेत की विहिरीतून पाण्याऐवजी कोरडी वाफच येते. १९०४ मध्ये तिथे या वाफेवर पाच दिवे लावून दाखवले गेले आणि १९१३ मध्ये २५० किलोवॉटचे पहिले व्यापारी वीजकेंद्र चालू झाले. न्यूझीलंडच्या वायराकेई येथे १९५८ मध्ये ओल्या वाफेवर वीज काढली गेली : दाबाखालचे अतितप्त पाणी वर येताना दाब सुटतो, त्याचा काही भाग एकदम वाफ होतो, आणि ती वाफ टर्बाइन फिरवते. यासाठी संचय साधारण १८० अंशांच्या वर हवा. त्याखालच्या तापमानाला दुहेरी चक्र वापरतात; गरम पाणी आपली उष्णता कमी तापमानाला उकळणाऱ्या दुसऱ्या द्रवाला देते आणि त्या द्रवाच्या वाफेवर टर्बाइन चालते. सगळ्या जगाची भूऔष्णिक वीजक्षमता मिळून सोळा-सतरा हजार मेगावॉटच्या घरात आहे. शतकभराच्या अनुभवानंतरही आकडा एवढाच राहतो, कारण निसर्गाने चारही गोष्टी जुळवून दिलेल्या जागा थोड्या आहेत.

ज्वालामुखीशी शेजार करण्याचे मोलही द्यावे लागते. २००९ मध्ये आइसलँडच्या क्राफ्ला येथे खोल विहीर खोदताना दोन किलोमीटरच्या थोडे खाली छिद्रकाचे टोक थेट शिलारसात शिरले. २०१८ मध्ये हवाईच्या किलाउएआ ज्वालामुखीच्या लाव्हाने पुना वीजकेंद्राच्या काही विहिरी गाडल्या आणि केंद्र दोन वर्षांहून अधिक काळ बंद राहिले.

या पार्श्वभूमीवर महाराष्ट्राचे चित्र पाहिले की पहिल्यांदा गोंधळ होतो. राज्याचा सुमारे चार पंचमांश भाग लाव्हाचा बनलेला आहे. रायगडाचा कडा, वेरूळची लेणी, कळसूबाईचे शिखर, शेतातली काळी माती, घराच्या जोत्याचा काळा दगड, सगळे त्याच बसाल्टचे. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी भारतीय भूपट्ट आज रियुनियन बेटाखाली असलेल्या तप्तबिंदूवरून उत्तरेकडे चालला होता. त्या काळात लांबलचक भेगांमधून लाव्हा थरावर थर पसरत गेला. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर हे थर उरलेले आहेत आणि पश्चिमेला त्यांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या वर जाते. एवढ्या आगीवर वसलेल्या राज्यात गरम पाण्याचे झरे असणे साहजिक वाटते, आणि ते ज्वालामुखीचेच अवशेष असणार, हेही.

भिवंडी तालुक्यातील पडघ्यापासून सरळ रेषेत वीसेक किलोमीटरवर, वायव्येला, तानसा नदीच्या खोऱ्यात वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी ही गावे आहेत. पात्राच्या काठाने आणि पात्रातही पाच-सहा किलोमीटरच्या टापूत गरम पाणी वर येते. अकलोलीला रामेश्वराच्या देवळापाशी दगडी बांधणीची कुंडे आहेत. एका कुंडात पाय ठेवता येतो, शेजारच्यात ठेवता येत नाही. हाताच्या अंतरावर तापमान बदलते, कारण प्रत्येक भेग वर येताना थंड भूजलाशी वेगळ्या प्रमाणात मिसळते. तळातून बुडबुडे एका ठरावीक जागेवरून वर येत राहतात. पावसाळ्यात तानसेला पूर आला की पात्रातले झरे बुडतात आणि पाणी ओसरले की त्याच जागी पुन्हा उघडे पडतात. पाण्याचे तापमान पन्नास अंशांच्या आगेमागे आहे. वज्रेश्वरीच्या देवीने मारलेल्या दैत्यांचे रक्त म्हणजे हे पाणी, अशी कथा आहे. आजूबाजूचा डोंगर हा निजलेला ज्वालामुखी आहे, हेही तितक्याच खात्रीने सांगितले जाते.

दुसरी समजूत भूशास्त्राला मान्य नाही. भूकवचात शिरलेला शिलारसाचा साठा कितीही मोठा असला तरी काही लाख, फार तर वीस-तीस लाख वर्षांत तो आसपासच्या खडकाइतका थंड होतो. दख्खनच्या लाव्हाला सहा कोटींहून अधिक वर्षे झाली. ज्या तप्तबिंदूने हे थर ओतले तो आज हिंदी महासागरात साडेचार हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे, आणि त्याची आग रियुनियनच्या पितों द ला फूर्नेझ ज्वालामुखीत दिसते. महाराष्ट्राच्या बसाल्टमध्ये त्या आगीची ऊब उरलेली नाही. तरीही झरे दख्खनच्या ज्वालामुखीशी अगदी असंबद्ध आहेत, असे म्हणणेही चूक ठरेल. ज्वालामुखीने इथे उष्णता ठेवली नाही. त्याने वाट ठेवली.

ही वाट समजून घ्यायला झऱ्यांची यादी नकाशावर मांडावी. उत्तरेला पालघर जिल्ह्यातील कोकनेर, हालोली, सातिवली, मग तानसा खोऱ्यातील तीन गावे, पालीजवळचे उन्हेरे, महाडजवळचे सव, दापोली तालुक्यातील उन्हवरे, संगमेश्वर तालुक्यातील अरवली, तुरळ आणि राजवाडी, शेवटी राजापूरजवळचे उन्हाळे. साडेतीनशे किलोमीटर लांबीची ही रांग जवळजवळ सरळ उत्तर-दक्षिण आहे, सह्याद्री आणि समुद्र यांच्या मधोमध. गावांची नावेच पाण्याची साक्ष देतात. ऊन पाणी म्हणजे गरम पाणी, त्यावरून उन्हाळे, उन्हेरे, उन्हवरे. खानदेशात चोपडा तालुक्यातला उनपदेवही त्याच शब्दाचा. भूशास्त्रज्ञांची मोजमापे सुरू होण्याच्या शेकडो वर्षे आधी लोकांनी ही रेषा नावांनी आखून ठेवली होती.

या रेषेचे कारण भारताच्या पश्चिम किनाऱ्याच्या जन्मात आहे. लाव्हा ओतला जात होता त्याच सुमारास सेशेल्सचा तुकडा भारतापासून तुटून वेगळा झाला. खंड फाटताना किनाऱ्याला समांतर विभंग पडले आणि सह्याद्रीत आडवे असलेले लाव्हाचे थर कोकणात समुद्राकडे झुकले. कल्याण-पनवेलच्या पट्ट्यात हा झुकाव स्पष्ट दिसतो. भूशास्त्रात त्याला ‘पनवेल फ्लेक्शर’ म्हणतात. भेगांमध्ये शिलारस शिरून थिजला आणि बसाल्टच्या उभ्या भिंती तयार झाल्या. ठाणे जिल्ह्यात त्या रस्त्यासाठी फोडलेल्या टेकड्यांत नजरेस पडतात. भिंत आणि भोवतालचा खडक यांच्या सांध्यातून पाणी सहज वर येते. सह्याद्रीच्या उतारावर पडणारे पावसाचे पाणी विभंगांतून खोल जाते, लाव्हा ओलांडून खालच्या ग्रॅनाइटी खडकात पोहोचते, तापते, हलके होते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. समस्थानिकांच्या अभ्यासातून हे पाणी मुळात पावसाचेच असल्याचे दिसले आहे.

झऱ्याचे पाणी आणि वायू खालची हकिकत सांगतात. लोक याला गंधकाचे पाणी म्हणतात, पण कोकणातल्या झऱ्यांत विरघळलेला मुख्य पदार्थ मीठ आहे. ते मीठ जुन्या समुद्रजलाचे किती आणि खडकातले किती, यावर मतभेद आहेत. बुडबुड्यांतला वायू मुख्यतः नायट्रोजन असतो आणि त्यात हेलियम लक्षात येण्याइतका सापडतो. हा हेलियम युरेनियम-थोरियमच्या क्षयातून येतो. बसाल्टमध्ये ही मूलद्रव्ये फार कमी, ग्रॅनाइटमध्ये बरीच जास्त. म्हणजे पाणी लाव्हाच्या थरांखाली जाऊन आले आहे. अकलोलीच्या कुंडात फुटणारा बुडबुडा दोन किलोमीटर जाडीच्या दगडाखालच्या, या परिसरात क्वचितच उघड्या दिसणाऱ्या खडकाची खूण घेऊन येतो.

खाली पाणी किती तापलेले आहे, हा व्यवहाराचा प्रश्न. सिलिका, सोडियम, पोटॅशियम यांच्या प्रमाणावरून खोलीवरचे तापमान काढता येते, कारण खडकातून किती क्षार विरघळतात हे तापमानावर ठरते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, आयआयटी मुंबई आणि भाभा अणुसंशोधन केंद्र यांच्या अभ्यासांतून कोकणासाठी १०० ते १६० अंशांदरम्यानचे वेगवेगळे अंदाज आले. सर्वसाधारण तापमानवाढ धरली तर १२० अंशांसाठी पाण्याने तीन किलोमीटरहून खोल जाऊन यायला हवे. विभंग तेवढे खोल असू शकतात, म्हणून हा अंदाज अवास्तव नाही. पण अंदाज आणि विहीर यांत फरक आहे. झऱ्याच्या रसायनावरून काढलेले तापमान पाणी मिसळले की फसवते, आणि कोकणातली खोदाई उथळच राहिली.

खोल विवराचा खरा दाखला महाराष्ट्रात आहे, पण तो भूकंपासाठी घेतलेला. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाच्या उगमाचा शोध घेण्यासाठी कराडच्या भूभौतिकी प्रयोगशाळेने कोयना परिसरात गोठणे येथे तीन किलोमीटरचे विवर घेतले. १,२४७ मीटरवर बसाल्ट संपला आणि ग्रॅनाइटी पाया लागला. तिथल्या मोजणीवरून सहा किलोमीटर खोलीचे तापमान १३० ते १५० अंश असावे, असा अंदाज आहे. म्हणजे कोयनेखाली तापमानवाढ सर्वसाधारणपेक्षाही मंद आहे. सह्याद्रीपलीकडचा हा आकडा कोकणाला जसाच्या तसा लावता येत नाही. तरी ‘महाराष्ट्र ज्वालामुखीवर वसला आहे, वीज कितीही मिळेल’ या उत्साहाला तो आवर घालतो.

वज्रेश्वरीच्या पाण्यावर वीज काढता येईल का, याचा हिशोब कागदावर सहज मांडता येतो. समजा, एका जागी सेकंदाला पाच लिटर पाणी पन्नास अंशांचे मिळाले आणि ते पस्तीस अंशांपर्यंत निववले. उष्णता मिळेल सुमारे ३१० किलोवॉट. पण पन्नास अंशांचे पाणी आणि अठ्ठावीस अंशांची हवा यांच्यात चालणाऱ्या यंत्राची सैद्धांतिक मर्यादाच सात टक्क्यांच्या खाली, प्रत्यक्षात दोन-तीन टक्के. हाती येईल ते सहा ते नऊ किलोवॉट, आणि त्यातूनच पंप चालवायचा. अलास्कातील चेना येथे २००६ पासून ७४ अंशांच्या पाण्यावर वीज तयार होते, हे उदाहरण नेहमी दिले जाते. उन्हवऱ्याचे पाणी ७१ अंशांचे, म्हणजे जवळजवळ तेवढेच. पण चेनाला यंत्र थंड करायला चार-पाच अंशांचे पाणी फुकट मिळते. कोकणात नदी उन्हाळ्यात तीस अंशांवर असते. उष्णतेइतकीच थंडीही इंधन असते, आणि ती कोकणात नाही.

पडघ्याच्या संदर्भात हे आकडे जवळून पाहण्याजोगे आहेत. चंद्रपूरहून ७५२ किलोमीटर लांबीच्या, ५०० किलोव्होल्टच्या एकदिश वाहिनीने १,५०० मेगावॉटपर्यंत वीज ज्या केंद्रात उतरते ते पडघे येथे आहे. १९९९ पासून विदर्भातल्या कोळशाची वीज मुंबई-ठाण्याला या वाटेने येते. तानसा खोऱ्याच्या झऱ्यांनी या वाहिनीची जागा घ्यावी, अशी अपेक्षा करणे म्हणजे झऱ्यांवर अन्याय करणे होय. त्यांचे काम वेगळे आहे.

भारतात भूऔष्णिक ऊर्जेचा विचार नवा नाही. गरम झऱ्यांसाठी नेमलेल्या समितीचा अहवाल १९६८ मध्ये आला आणि १९७३ पासून पुग्यात खोदाई सुरू झाली. देशातल्या तीनशेहून अधिक झऱ्यांची नोंद झाली. संभाव्य क्षमतेचा १०,६०० मेगावॉट हा आकडा वारंवार उद्धृत होतो. तो तपासून घेतला पाहिजे, कारण त्यामागे खोल विहिरी फार थोड्या आहेत. पुग्यासाठी तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळाने २०२१ मध्ये लडाख प्रशासनाशी एक मेगावॉटच्या प्रकल्पाचा करार केला. पन्नास वर्षांत एवढीच मजल, तीही देशातल्या सर्वांत तापलेल्या खोऱ्यात.

कोकणातली खरी संधी उष्णता उष्णता म्हणूनच वापरण्यात आहे. आइसलँडमध्ये दहापैकी नऊ घरे भूऔष्णिक पाण्याने उबदार राहतात. तिथे वीज हा त्या उष्णतेचा दुय्यम उपयोग आहे. कोकणात घरे तापवायची गरज नाही, पण वाळवण हा मोठा धंदा आहे. आमसुले, मासळी, आंब्याची पोळी, फणसाचे गरे हे सगळे जूनच्या पहिल्या सरीबरोबर अडते. साठ-सत्तर अंशांच्या पाण्यावरून हवा तापवून चालणारे वाळवणघर उन्हवरे किंवा तुरळसारख्या ठिकाणी पावसाळाभर चालू शकते आणि त्याला क्लिष्ट यंत्र लागत नाही. विवरातून नव्वद अंशांचे पाणी मिळाले तर त्यावर शोषण पद्धतीने शीतगृह चालते. भिवंडी-पडघ्याच्या गोदामपट्ट्याला शीतगृहे हवी आहेत आणि भिवंडीच्या सायझिंग कारखान्यांना गरम पाणी हवे आहे, पण गरम पाणी वीसेक किलोमीटर नळाने नेणे परवडत नाही. उष्णता जिथे निघते तिथेच तिचा धंदा जावा लागतो, हा या ऊर्जेचा स्वभाव आहे. तानसाकाठी तो धंदा आधीपासून आहेच : स्नानाला येणारी माणसे. बाहेर वाहून जाणारे पाणी क्षारयुक्त असते, म्हणून ते वापरल्यावर पुन्हा जमिनीत सोडणे हा कोणत्याही योजनेचा पहिला नियम असला पाहिजे. नाहीतर शेतीचे नुकसान होते आणि झरेही आटतात.

खोल, कोरड्या ग्रॅनाइटमध्ये दाबाने पाणी घालून भेगा उघडायच्या आणि कृत्रिम संचय तयार करायचा, हे तंत्र अमेरिकेत आता मार्गी लागत आहे. पश्चिम महाराष्ट्रात त्याचा विचार भूकंपाला वगळून करता येत नाही. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे २००६ मध्ये अशा कामाने शहराखाली धक्के बसले आणि प्रकल्प सोडून द्यावा लागला. कोयनेत जलाशय भरल्याने भूकंप झाले. पडघ्याच्या शेजारच्या शहापूर तालुक्यात भातसा धरणाचे पाणी चढले तेव्हा १९८३ मध्ये धक्क्यांची मालिका झाली. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीची जमीन वारंवार हादरत आली आहे. जे विभंग गरम पाणी वर आणतात तेच ताण सोडणारेही असू शकतात.

म्हणून कामाचा क्रम मोजणीपासून धरला पाहिजे. आधी प्रत्येक झऱ्याचे तापमान आणि पाण्याचे प्रमाण वर्षभर, पावसाळ्यासकट, नोंदवावे. मग भूकंपमापकांचे जाळे घट्ट करावे. आणि त्यानंतर देवळांच्या कुंडांपासून दूर, विभंगाच्या रेषेवर, बसाल्ट ओलांडून ग्रॅनाइटपर्यंत पोहोचणारे एक खोल विवर घ्यावे. ते पहिल्यांदा तानसा खोऱ्यात घ्यावे. रस्ता, वीज आणि मुंबईतल्या संशोधनसंस्था या तिन्ही गोष्टी तिथून सर्वांत जवळ आहेत.